नव्या सेवेचा हिशेब

सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही मोठ्या गावात स्टँडवर उतरून पाच मिनिटं चाललं की एखादं पार्लर लागतंच. बहुतेक ठिकाणी ते घराच्याच पुढच्या खोलीत असतं. एक हायड्रॉलिक खुर्ची, एक बेड, भिंतभर आरसा, स्टीमर आणि पडद्यापलीकडे घरचा संसार. चालवणारी बाई एकटीच असते, फार तर लग्नसराईत हाताखाली एखादी शिकाऊ मुलगी. पहिली दोन-तीन वर्षं आयब्रो, वॅक्स, क्लीनअप, फेशियल आणि मेहंदी यांवर धंदा बरा चालतो. मग त्याच गल्लीत दुसरं पार्लर निघतं, पलीकडच्या चौकात तिसरं. आयब्रोचे दर दहा रुपयांनी वाढवायचीही सोय उरत नाही, कारण गिऱ्हाईक लगेच समोरच्या पार्लरची पायरी चढतं. तेव्हा प्रश्न पडतो, आता नवीन काय सुरू करायचं?

उत्तरं देणारे पुष्कळ असतात. कोल्हापूर-पुण्याच्या प्रदर्शनात मशीनवाला डेमो देतो. कंपनीचा माणूस सेमिनारला बोलावतो. मोबाइलवर रोज नवं नाव येतं: हायड्राफेशियल, नॅनोप्लास्टिया, लॅश लिफ्ट, बीबी ग्लो. यातलं काही चांगलंही आहे. पण सांगणाऱ्याला आपला माल खपवायचा असतो आणि हप्ता भरायचा असतो पार्लरवाल्या ताईंना. म्हणून मला वाटतं, नवी सेवा निवडायची ती आपल्या खुर्चीत आधीपासून बसणाऱ्या बायकांकडे बघून. त्यांच्या घरचं पाणी कसं आहे, पाय कसे आहेत, हातात पैसा कधी येतो आणि आपल्याकडे काय मागून त्या परत जातात, हे आधी बघावं. मशीनचा विचार सगळ्यात शेवटी.

या शोधाला लागते एक वही. बहुतेक पार्लरमध्ये वही असतेच, पण तिच्यात फक्त आलेले पैसे लिहिलेले असतात. तिच्यात आणखी एक रकाना आखावा, ‘आपल्याकडे नाही’ म्हणून सांगितलेल्या कामांचा. ‘ताई, केसांचं स्मूदनिंग करता का?’ ‘आईच्या टाचांचं काही होईल का?’ ‘साडीच्या निऱ्या आधी बसवून द्याल का?’ असं कुणी विचारलं की तारखेसकट नोंद करायची, फोनवर विचारलं तरी. दोन-तीन महिन्यांत हा रकाना जे सांगतो ते कुठलाही सेमिनार सांगू शकत नाही. विचारणारी कॉलेजची मुलगी होती की चाळिशीची शिक्षिका, तेही लिहावं. एकच मुलगी पाच वेळा नेल एक्स्टेन्शनबद्दल विचारते ती मागणी एकीचीच. पाच वेगवेगळ्या बायका एकेकदा केस गळण्याबद्दल विचारतात तेव्हा तिथे खरी मागणी असते.

हिशेबाचं महत्त्व या भागातल्या बायकांना नव्याने सांगावं लागत नाही. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात म्हसवडला १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली, तिची हकीकत याच जातीची आहे. रस्त्याच्या कडेला राहून लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी प्लॅस्टिकचा कागद घेण्यासाठी थोडे थोडे पैसे साठवायचे होते. रक्कम इतकी लहान की बँका खातंच उघडेनात. त्यातून सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा आणि गावातल्या बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तकांमध्ये अंगठा लावणाऱ्या बायका होत्या. त्या बायका अक्षरं शिकल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नव्हतं, पण मोजता येतं. रक्कम सांगा, व्याज आम्ही तोंडी काढून दाखवतो. परवाना मिळाला. पुढे २००६ मध्ये माणदेशीने ग्रामीण बायकांसाठी उद्योगशाळा सुरू केली आणि नंतर ती बसमधून गावोगाव नेली. शिवण, पार्लर, शेळीपालन यांसारख्या छोट्या धंद्यांतल्या बायकांना अशा ठिकाणी सगळ्यात उपयोगी पडतो तो एक धडा: घरचा पैसा आणि धंद्याचा पैसा वेगळा ठेवणे. नव्या सेवेचा निर्णय तिथूनच सुरू होतो. दिवसभराच्या गल्ल्यातूनच दूध, भाजी आणि मुलांची फी गेली, तर कोणत्या कामाने कमावलं आणि कोणत्या कामाने फक्त दमवलं, हे कळायला मार्गच उरत नाही.

एकट्या बाईच्या धंद्यात खरा माल असतो तिचा वेळ. क्रीम संपलं तर पुन्हा आणता येतं, पण दुपारचा रिकामा गेलेला तास परत येत नाही. म्हणून प्रत्येक सेवेचा हिशेब तासावर करून बघावा. पुढचे आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. ज्याने त्याने आपल्या गावचे दर घालावेत. आयब्रोला चाळीस रुपये मिळतात, वेळ दहा मिनिटं, दोऱ्या-पावडरीचा खर्च दोन रुपये. म्हणजे ओळीने गिऱ्हाईक आलं तर तासाला सव्वादोनशेच्या आसपास. पेडिक्युअरला चारशे रुपये, वेळ पाऊण तास, सामान साठ रुपयांचं, तासाला साडेचारशे. हायड्राफेशियलला दीड हजार, वेळ सव्वा तास, सीरम वगैरे तीनशे. तासाला साडेनऊशेच्या वर. कागदावर तिसरं काम सगळ्यांत सरस दिसतं आणि डेमो देणारा नेमकं एवढंच गणित दाखवतो.

पण पुढे जाऊन विचारायला हवं की तो तास विकला किती वेळा जाणार? मशीन साठ हजारांची धरली आणि एका फेशियलमागे हातात बाराशे उरले, तर नुसतं मशीनचं मुद्दल फिटायला पन्नास फेशियल करावी लागतात. महिन्याला चार बायका दीड हजार द्यायला तयार असतील तर वर्ष उलटून जातं. तोवर पंप बिघडतो, टिप बदलावी लागते आणि बाजारात पुढचं मॉडेल येतं. पेडिक्युअरचा टब, पाय ठेवायचं स्टूल, कानस आणि कटर पाच हजारांत बसवलं, तर पंधरा बायकांत ते पैसे वसूल. सातारा शहरातल्या किंवा सांगलीत विश्रामबागच्या एखाद्या पार्लरला पन्नास गिऱ्हाइकं दोन-तीन महिन्यांत मिळतीलही. तिथे मशीन घेण्यात शहाणपण असू शकतं. आटपाडी किंवा दहिवडीच्या घरगुती पार्लरला तीच मशीन गळ्यात पडते. अडचण मशीनमध्ये नसते, गिऱ्हाइकांच्या संख्येत असते, आणि ती संख्या वहीत आधीच लिहिलेली असते.

आता इथल्या पायांकडे येऊ. सांगली-सातारा हा ऊस, द्राक्ष, हळद आणि ज्वारीचा मुलूख. शेतात, गोठ्यात, ओल्या फरशीवर उभं राहून काम करणाऱ्या बायकांच्या टाचा फाटलेल्या असतात, आणि नोकरी करणाऱ्यांच्या सपाट चपलांमुळे. टाचेखाली चरबीची गादी असते. उभं राहिलं की ती वजनाने बाजूला पसरते. तिच्याभोवतीची कातडी मऊ असेल तर ताणली जाते. जाड आणि कोरडी असेल तर चिरते. पार्लरमध्ये बहुधा पाय भिजवून ब्लेडने कातडी काढतात. दोन दिवस टाच गुळगुळीत दिसते, मग शरीर तिथे आणखी जाड थर चढवतं. त्यापेक्षा पाय दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात ठेवावेत, कानशीने थोडंच घासावं, पाय ओलसर असतानाच युरिया असलेलं क्रीम लावावं, वर मोजे घालायला सांगावं आणि दर तीन-चार आठवड्यांनी बोलवावं. युरिया कातडीत पाणी धरून ठेवतो आणि जाड थर सैल करतो. यात दिखाऊ काहीच नाही, पण बाईला चालताना फरक कळतो, आणि ज्या सेवेने चालणं सुसह्य होतं तिच्यासाठी ती पुन्हा येते. पुन्हा येणारं गिऱ्हाईक ही एकट्या बाईच्या धंद्यातली सगळ्यात मोठी पुंजी.

या सेवेत एक दक्षता कटाक्षाने पाळायला हवी. पाण्यात पाय बुडवण्याआधी विचारायचं, ‘मावशी, साखर आहे का? पायाला मुंग्या येतात का, बधिर वाटतं का?’ मधुमेहात पायाची संवेदना कमी होते. पाणी पोळतंय की नाही हे बाईला कळत नाही, आणि कटरची बारीकशी जखम चिघळून पाय गमावण्यापर्यंत जाऊ शकते. पाणी आधी आपल्या कोपराने तपासावं. बधिरपणा किंवा जखम असेल तर पायाला हात न लावता डॉक्टरांकडे पाठवावं. एवढं विचारणाऱ्या ताईंकडे ती मावशी आपल्या सुनेलाही घेऊन येते.

पायांनंतर पाणी. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये साधारण त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यात घराघरांत बोअरचं पाणी असतं आणि त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार उतरलेले असतात. साबणाशी त्यांची रासायनिक क्रिया होऊन चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला जो पांढरा थर बसतो तो याच क्षारांचा, आणि तेच केसांवरही बसतात. केस राठ लागतात, विंचरताना अडकतात, रंग नीट चढत नाही. बाई म्हणते, ‘केसांचा झाडू झालाय, स्मूदनिंग करून द्या.’ अशा वेळी लगेच रसायनाला हात घालू नये. क्षार ओढून घेणारा शाम्पू, शेवटचं धुणं फिल्टरच्या पाण्याने आणि मग साधा हेअर स्पा, एवढं करून बघावं. अर्ध्याअधिक जणींना तेवढ्यानेच समाधान वाटतं. खर्च थोडा, धोका नाही, आणि महिन्याला एकदा करण्यासारखी सेवा. दुष्काळी तालुक्यातल्या पार्लरने ‘बोअरच्या पाण्याने राठ झालेल्या केसांसाठी’ अशी पाटी लावली तर ती शहरातल्या कुठल्याही महागड्या नावापेक्षा जास्त बोलेल, अशी माझी खात्री आहे.

स्मूदनिंग आणि रिबाँडिंग करूच नये असं नाही. पण ते नीट शिकून करावं. केस प्रथिनाचा असतो आणि त्याचा आकार गंधकाच्या जोडांनी धरून ठेवलेला असतो. पहिलं क्रीम हे जोड तोडतं, इस्त्रीने केस सरळ होतात आणि दुसऱ्या क्रीमने जोड नव्या जागी बसतात. पहिलं क्रीम पाच मिनिटं जास्त राहिलं तर केस तुटतो. केसांना आधी लावलेल्या मेहंदीत धातूचे क्षार मिसळलेले असतील तर काय होईल सांगता येत नाही. मागच्या बाजूची एक बट आधी करून बघणं हाच यावरचा विमा. ‘केराटिन’ नावाखाली येणाऱ्या मालाची गोष्ट आणखी वेगळी. यातल्या काही द्रावणांतून इस्त्री फिरवताना फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडला माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातलं. त्याऐवजी आलेल्या ग्लायऑक्झिलिक ॲसिडच्या मालाने किडनीला इजा झाल्याच्या घटना अलीकडे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. गिऱ्हाईक वर्षातून एकदा त्या धुरात बसतं. ताई मात्र बंद खोलीत, पंखा बंद करून, आठवड्यातून दोनदा तोच धूर घेतात. त्यांच्या फुप्फुसांचा हिशेब कुठल्याही रेटकार्डात नसतो. खिडकी नसलेल्या खोलीत ही सेवा देऊच नये, असं मी ठामपणे म्हणेन.

हेअर स्पा सुरू करताना मानेचाही विचार हवा. अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ मायकेल वाइनट्रॉब यांनी १९९३ मध्ये पाच बायकांची नोंद केली होती. पार्लरच्या बेसिनवर मान मागे टाकून केस धुतल्यानंतर त्यांना पक्षाघातासारखी लक्षणं दिसली होती. मान जास्त मागे वळली की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांवर ताण येतो. प्रकार दुर्मीळ आहे, पण उपाय इतका सोपा आहे की न करण्याला कारण नाही: मानेखाली जाड टॉवेलची गुंडाळी ठेवायची, आणि साठीच्या पुढच्या बाईला पुढे वाकवून किंवा आडवं झोपवून केस धुवायचे.

पैशाचा ऋतू हा निवडीतला तिसरा धागा. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, साखर कारखान्यांचे बॉयलर पेटलेले असतात, उसाची बिलं येऊ लागतात. तासगाव-पलूसकडे द्राक्षाचा पैसा जानेवारीपासून एप्रिलपर्यंत फिरतो. याच महिन्यांत बाई स्वतःवर हजार रुपये सहज खर्च करते. चातुर्मासात लग्नं थांबतात आणि पार्लरमध्ये शांतता पसरते; श्रावणातली मंगळागौर आणि नवरात्रीचे दिवस तेवढे हात देतात. म्हणून महागडी सेवा आषाढात सुरू करू नये. ते महिने शिकायचे. आणि जी सेवा या ओस महिन्यांतही पैसा देते तिला जास्त किंमत द्यावी. पाय आणि केस ही तशी कामं आहेत.

नवरीच्या कामात मेकअपची स्पर्धा इतकी झाली आहे की एचडी, एअरब्रश असे शब्द आता प्रत्येक पाटीवर दिसतात. त्यापेक्षा मेकअपच्या आजूबाजूची कामं बघावीत. साडीच्या निऱ्या आधीच बसवून, इस्त्री करून, क्लिपा लावून घडी देणं हे काम दुपारी, गिऱ्हाईक समोर नसताना होतं; लागते फक्त इस्त्री, क्लिपा आणि हाताची सफाई. नवरीसोबत करवली, आई, आत्या अशा पाच-सहा साड्यांचं कामही येतं. या कामात भांडवल नाही म्हणून त्याला कमी लेखतात, पण रिकामा तास भरणारं असं दुसरं काम मला दिसत नाही.

इथल्या नवरीच्या कामात हळदीचा एक खास पेच असतो. सांगलीची हळद म्हणजे २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेली हळद. लग्नात ती सढळ हाताने लागते, आणि दुसऱ्या दिवशी मेकअपखालून पिवळी झाक वर येते. ताई ती काढायला साबणाने घासतात किंवा घाईत ब्लीच लावतात. हळदीचा रंग कर्क्युमिनमुळे असतो. हा पदार्थ पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. आणि अल्कधर्मी पदार्थ लागला की लालसर होतो. हळदीत चुना घालून कुंकू करायची जुनी रीत याच गुणावर उभी आहे. साबण अल्कधर्मी असतो आणि ब्लीचमध्ये बहुधा अमोनिया असतो, म्हणून त्या चेहऱ्यावर लाली उमटते आणि आधीच घासलेली कातडी जळजळते. त्याऐवजी खोबरेल किंवा क्लीन्झिंग ऑइल हलक्या हाताने चोळून, ओल्या मऊ कपड्याने दोनदा पुसून, मग सौम्य फेसवॉश वापरावा. थोडी झाक राहिलीच तर किंचित जांभळट छटेचा करेक्टर ती झाकतो. ‘हळदीनंतरची त्वचा’ अशी अर्ध्या तासाची वेगळी सेवा पॅकेजमध्ये ठेवता येईल. दिल्ली-मुंबईच्या कोर्समध्ये ती कुणी शिकवत नसेल, पण इथल्या प्रत्येक लग्नघराला ती हवी असते. फेशियल मात्र लग्नाच्या आठवडाभर आधी उरकावं. नवं क्रीम लग्नाच्या आदल्या दिवशी कधीच लावू नये.

आता थांबायच्या जागेबद्दल. सुई कातडीच्या आत जाते ते काम पार्लरचं नाही. मायक्रोनीडलिंग, बीबी ग्लो, पीआरपी, ग्लुटाथायोनची इंजेक्शनं, बोटॉक्स, फिलर, खोल केमिकल पील, लेसर, सगळं डॉक्टरांचं. चार दिवसांच्या कोर्सचं प्रमाणपत्र भिंतीवर लावल्याने ते आपलं होत नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या एका विनापरवाना स्पामध्ये बायकांचं रक्त काढून ते सुयांनी चेहऱ्यावर टोचलं जात होतं. तो स्पा २०१८ मध्ये बंद केला गेला; तिथे गेलेल्या काही बायकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने २०२४ मध्ये आपल्या अहवालात नोंदवलं. हिपॅटायटिस बी चा विषाणू तर शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, किमान सात दिवस जगतो. म्हणून साध्या कामातही कटर, प्लकर, ब्लॅकहेड काढायची सुई यांची उकळून किंवा ऑटोक्लेव्हमध्ये नीट सफाई झालीच पाहिजे. तोंडात धरलेल्या दोऱ्याने आयब्रो करायची सवय मोडून गळ्यात दोरा अडकवायची पद्धत शिकून घ्यावी.

गोरेपणाच्या क्रीमबद्दल तर विशेष सांगायला हवं, कारण ते थेट पार्लरच्या दारातून घरात जातं. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती. एकाच घरातल्या तिघींना, शिकणारी मुलगी, तिची आई आणि बहीण, किडनीचा विकार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कारण शोधता शोधता माग लागला तो त्या वापरत असलेल्या चेहऱ्याच्या क्रीमपर्यंत. त्यात पारा निघाला. क्रीम गावातल्याच ब्युटिशियनकडून घेतलेलं होतं. पारा त्वचेचा रंग तयार होण्याची क्रिया अडवतो, म्हणून चार-सहा आठवड्यांत चेहरा उजळतो आणि क्रीमचं नाव होतं. पण कातडीतून शिरून तो किडनीत साठतो. दुसरा प्रकार स्टेरॉइडच्या क्रीमचा. अशी अनेक क्रीम २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी बिननावाच्या डब्यांत ती फिरतात. आधी चेहरा तुकतुकीत होतो, मग लाल आणि पातळ होतो, लव वाढते, आणि क्रीम थांबवलं की आग होते. ज्या डबीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत छापलेली नाही ती आपल्या कपाटात येऊच देऊ नये, मग तिच्यावर कितीही कमिशन असो.

या बाबतीत सांगली जिल्ह्याचं एक भाग्य आहे. मिरजेला १८९४ मध्ये डॉ. वान्लेस यांनी मिशन हॉस्पिटल सुरू केलं आणि तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव झालं. त्वचेचा डॉक्टर इथे दूर नाही. एखाद्या त्वचारोगतज्ज्ञांना भेटून ‘वांग, सोरायसिस, चिघळलेले मुरुम मी तुमच्याकडे पाठवीन’ एवढं सांगून ठेवावं. पाठवलेलं गिऱ्हाईक जात नाही. त्याचा विश्वास वाढतो आणि वॅक्सला ते आपल्याकडेच येतं. मिरजेत कर्करोगावर उपचार घेणाऱ्या बायकाही दूरदूरच्या गावांहून येऊन राहतात. केमोथेरपीत केस जातात, भुवया जातात, नखं काळवंडतात, कातडी कोरडी पडते. डोक्याला ओढणी नीट बांधून देणं, भुवया पेन्सिलीने रेखायला शिकवणं, वास नसलेलं साधं मॉइश्चरायझर हातापायांना लावून देणं, नखं न कापता घासून देणं, एवढी सेवा डॉक्टरांच्या परवानगीने, घरी जाऊन, स्वच्छ हातांनी देणारी बाई त्या गावात हवी आहे. यात मसाज नको, वॅक्स नको, सुवासिक तेल नको. हे दानधर्म म्हणून करायचं काम नव्हे. रास्त पैसे घेऊन, नीट शिकून करायची सेवा आहे. आजारातून उठणाऱ्या बाईला आरशात पुन्हा बघावंसं वाटणं ही मोठीच गोष्ट आहे, आणि मला विचाराल तर मिरजेच्या पार्लरने हायड्राफेशियलच्या आधी याचा विचार करावा.

एकाच टोपलीत सगळं ठेवू नये, हे २०२० ने दाखवलं. टाळेबंदीनंतर राज्यात २८ जूनपासून सलून-पार्लर उघडायला परवानगी मिळाली तेव्हा केस कापणं, रंगवणं, वॅक्सिंग आणि थ्रेडिंगला मुभा होती. त्वचेशी संबंधित सेवा बंदच होत्या. ज्यांचा सगळा धंदा फेशियलवर होता त्यांचे बेड रिकामे राहिले. सांगलीकरांना महापुराचाही अनुभव आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा बाजारपेठेत शिरलं. नदीकाठच्या भागात तळमजल्यावर दुकान असेल तर उचलून माळ्यावर ठेवता येईल एवढंच सामान घ्यावं, आणि मशीन घेतलीच तर विम्यासकट.

शिकण्याची सोय दोन्ही जिल्ह्यांत आहे. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था साताऱ्यात बँक ऑफ महाराष्ट्रच्या आणि सांगलीत बँक ऑफ इंडियाच्या पुढाकाराने चालतात. राहणं-जेवणासह प्रशिक्षण मोफत असतं. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा वर्षाचा अभ्यासक्रम असतो. पैशासाठी मुद्रा योजनेच्या शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळतं. मोठा बेत असेल तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते. तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नयेत. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी लागत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून पार्लर सेवांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. त्यामुळे शहरातल्या मोठ्या साखळी सलूनचे दर उतरू शकतात, एवढं लक्षात ठेवून आपले दर ठरवावेत.

निवड झाली की सेवा एकदम पाटीवर लावू नये. वहीतल्या ज्यांनी विचारलं होतं त्या आठ-दहा बायकांना फोन करून अर्ध्या दरात बोलवावं, आणि हा दर शिकण्यापुरता आहे हे तोंडावर सांगावं. प्रत्येकीचा वेळ घड्याळ लावून मोजावा, लागलेलं सामान चमच्याने मोजून लिहावं. सेमिनारमध्ये चाळीस मिनिटांत झालेलं काम एकट्या हाताने तासभर घेतं, हे इथे कळतं आणि दर त्यावरून ठरतो. रंग किंवा नवं रसायन असेल तर कानामागे थेंब लावून ४८ तास वाट बघायची. फोटो काढायचा तर विचारून, आणि टाकायचा तर पुन्हा विचारून. तीन महिन्यांनी बघायचं की या दहाजणींतल्या किती पूर्ण पैसे देऊन परत आल्या. चार-पाच आल्या असतील तर रेटकार्ड नव्याने छापावं, आणि छापताना जुन्या यादीतली जी दोन-तीन फेशियल वर्षभरात कुणी मागितली नाहीत ती काढून टाकावीत, म्हणजे त्यांची किट मुदत संपेपर्यंत कपाटात पैसे अडवून बसणार नाहीत.